समोरच्याचा दंड थोपटताना

मंगळवार, रात्री साडेदहा

आज दहा आठवड्यांनी ब्राझिलियन जुजुत्सूच्या सरावाला मॅटवर उतरले. डावा खांदा सकाळी उठल्यावर अजून जड असतो, पण हात कानाला लागून सरळ वर जातो आणि फिजिओथेरपिस्टनी हो म्हटलंय. पट्टा बांधताना बोटं थरथरत होती. दोन वर्षं जी गाठ न बघता मारली, ती आज दोनदा सुटली.

खांदा कसा गेला हे या वहीत लिहायचं मी टाळत आले. आज लिहिते.

मी पाठीवर होते, ती आडवी माझ्या छातीवर. साइड कंट्रोल. एकोणीस वर्षांची पोरगी, वजनाने माझ्याहून हलकी, पट्ट्याने एक रंग पुढे. तिने माझं मनगट धरलं, दुसरा हात माझ्या दंडाभोवतून घालून स्वतःचंच मनगट पकडलं. किमुरा. मला कळलं होतं, हे मुद्दाम लिहून ठेवते. ती पकड मी शेकडो वेळा बघितली आहे. माझं कोपर मॅटवरून उचललं गेलं, हात पाठीकडे वळायला लागला, अगदी सावकाश. ती मला वेळ देत होती. मी मात्र मनात म्हणत होते, थोडंसंच सहन करायचंय, कंबर वळली की सुटले. कंबर वळली नाही. खांद्याच्या आत काहीतरी ताणून सटकलं आणि तोंडातून आवाज निघाला. तिने त्याच क्षणी सोडलं.

“ताई, तुम्ही थोपटलं का नाही?” थोपटणं म्हणजे समोरच्याच्या अंगावर दोन थापा मारून हार कबूल करणं, की तो लगेच सोडतो. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. पुढचा अर्धा तास ती माझ्याशेजारी बर्फाची पिशवी धरून बसून राहिली. तिचा स्वतःचा सराव तिथेच संपला.

त्या काळात मी दोष कशाकशाला दिला! वयाला, थकव्याला, पुरेसं वॉर्म-अप झालं नव्हतं त्याला. ती सावकाश जात होती, कारण वेळ आली की मी सांगेन यावर तिचा विश्वास होता. मी सांगितलं नाही. माझ्या खांद्याची सगळी जबाबदारी न विचारता तिच्यावर टाकली. खांदा भरून आला. ती मात्र आजही माझा हात धरताना बिचकते.

या पकडीच्या नावामागची गोष्ट मी पहिल्याच महिन्यात ऐकली होती. ज्युदोत हिला उदे-गारामी म्हणतात. १९५१ साली रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये जपानचे मासाहिको किमुरा आणि ब्राझीलचे हेलिओ ग्रेसी लढले. किमुरांनी ही पकड लावली, हेलिओंचा हात मोडला, तरी ते थोपटायला तयार नव्हते. शेवटी त्यांच्या बाजूच्या माणसांनी लढत थांबवली. पुढे ब्राझीलच्या जुजुत्सूवाल्यांनी पकडीला जिंकणाऱ्याचंच नाव दिलं. ऐकताना अंगावर काटा आला होता, आजही येतो. हरवणाऱ्याचं नाव रोज तोंडी ठेवणारी माणसं मला फार मोठी वाटतात. पण त्या गोष्टीतला न थोपटण्याचा भाग तेवढा मी उचलला. हेलिओंच्या पाठीशी अख्खं घराणं आणि समोर हजारो प्रेक्षक होते. मला दुसऱ्या दिवशी ऑफिसात दोन्ही हातांनी टाइप करायचं होतं.

आणि दुखेपर्यंत थांबायचं हा हिशेबच मुळात चुकतो. गळ्याची पकड नीट बसली तर मेंदूकडे जाणारं रक्त अडतं आणि काही सेकंदांत शुद्ध जाते. त्यात दुखतंच असं नाही. हील हुक या पायाच्या पकडीत टाच फिरते पण ताण जातो गुडघ्याच्या अस्थिबंधांवर, आणि दुखायला लागेपर्यंत बहुतेक वेळा नुकसान होऊन गेलेलं असतं. सर पहिल्या दिवसापासून सांगतात, पकड ओळखली आणि सुटायची वाट दिसत नसली की थोपटा. मी मान हलवत होते, एवढंच.

ज्युदोचे जनक जिगोरो कानोंबद्दल वाचलं तेव्हापासून एक गोष्ट मनात घर करून आहे. १८८२ मध्ये कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू करणाऱ्या या माणसाने जुन्या जुजुत्सूतले ठोसे, लाथा, घातक डाव मुक्त सरावातून बाजूला काढले आणि कातामध्ये, म्हणजे ठरवून दिलेल्या हालचालींच्या सरावात, जपून ठेवले. उरलेले डाव शिष्यांना पूर्ण ताकदीने, विरोध करणाऱ्या माणसावर, रोज करता आले. आम्ही हौशी माणसं कामावरून येतो आणि जीव खाऊन झटापट करून धड घरी जातो, ते याच्या जोरावर. थोपटणं हा त्याचाच भाग आहे असं मला वाटतं. दोन थापांवर भरवसा नसेल तर कुणीच कुणावर ताकद लावू शकणार नाही.

मराठीत दंड थोपटले म्हणजे आव्हान दिलं. मॅटवर आज मी तिचा दंड थोपटला, पकड बसल्या बसल्या.

“ताई, डाव अजून लागला नव्हता.”

“माहीत आहे. वाट दिसत नव्हती.”

ती काही बोलली नाही, पण पुढच्या फेरीत तिने वजन पूर्ण टाकलं. गेले दहा आठवडे मला तेच हवं होतं. छातीवर तिचा भार आला, श्वास अर्धा झाला. एक हात तिच्या गळ्याशी, दुसरा तिच्या कमरेशी, दोन्ही कोपरं बरगड्यांना चिकटवून. श्वास सोडला. पाय रोवून कंबर उचलली, अंगाचा पूल केला, ती किंचित उचलली गेली, त्या चार बोटांच्या फटीत कंबर मागे सरकवली, गुडघा आत घातला. सगळं मिळून तीन श्वास लागले असतील. पूर्वी इथे मी नुसती ढकलत बसायचे आणि नेमका तोच लांब गेलेला हात तिला मिळायचा.

खांदा आता थोडा ठणकतोय. शेकते आणि झोपते.

शुक्रवार

थोडक्यात लिहिते, डोळे मिटतायत. आज गार्डमधून, म्हणजे मी पाठीवर आणि ती माझ्या पायांच्या मध्ये असताना, तिचा हात माझ्या हाती लागला. आर्मबार, कोपर उलटं ताणणारी पकड. गुडघे आवळले, तिचा अंगठा वर, कंबर उचलायला सुरुवात केली. तिचं कोपर माझ्या ओटीपोटावर टेकलेलं होतं आणि ते किती कमी अंतरात सरळ होतं हे मला पहिल्यांदाच जाणवलं. मी थांबत थांबत गेले. मांडीवर दोन थापा पडल्या. सोडलं.

“माझा अंगठा थोडा बाहेर फिरला होता,” ती म्हणाली, “परत लावा.” आणि तोच हात पुढे केला.