पाण्याचं डोकं, पाण्याचं शेपूट

रविवार, रात्री उशिरा

दिवसभर एकच चिन्ह डोळ्यांसमोर आहे. चीनच्या युनान प्रांतातल्या नाशी लोकांच्या चित्रलिपीत पाण्याची एक खूण आहे. ती मधोमध तोडली की वरचा तुकडा म्हणजे उत्तर आणि खालचा म्हणजे दक्षिण. पाण्याचं डोकं आणि पाण्याचं शेपूट.

पण नाशींच्या लिजियांग शहराजवळची जिनशा नदी शिगू गावापाशी येते आणि गर्रकन वळून उत्तरेकडेच निघते! तिच्या काठच्या माणसाला उत्तरेला उगम कसा सुचेल? ली लिनत्सान या चित्रकाराने हाच धागा धरला. दोंगबा म्हणजे पोथ्या लिहिणारे, म्हणणारे पुरोहित. त्यांच्याकडे बसून त्याने चिन्हं उतरवून घेतली, १९४४ मध्ये कोश काढला. ही लिपी वरच्या अंगाला, उत्तरेकडून दक्षिणेला वाहणाऱ्या वूलियांग नदीच्या खोऱ्यात जन्मली असावी, असं त्याचं मत. मला ते पटतं. माणसं खाली सरकली, दिशा जुन्या नदीच्याच राहिल्या.

म्हणून 'नाशी लिपी' असं सरसकट म्हटलेलं मला खटकतं. वर रुओका या नाशींच्याच एका शाखेकडे नुसती चित्रं, त्यातली काही फक्त त्यांचीच. मग बाईदी, चुनखडीच्या पांढऱ्या पायऱ्यांचं गाव. तिथे न गेलेला दोंगबा खरा दोंगबाच नव्हे, असं म्हणतात. लिजियांगच्या सपाटीवर उतरलं की गेबाही भेटते, एका उच्चाराला एक खूण असलेली दुसरी लिपी.

संध्याकाळी अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमधल्या पोथ्यांची स्कॅन केलेली पानं पाहिली. जाड कागद, डाव्या कडेला शिवण, पानावर तीन ओळी, उभ्या रेघांनी पाडलेले चौकोन. एका चौकोनात चार-पाच चित्रं, म्हणायचं मात्र लांबलचक कडवं. मधले शब्द दोंगबाला तोंडपाठ. त्यामुळे दुसऱ्या खोऱ्यातली पोथी हाती आली, तर चिन्हं ओळखीची असूनही वाचणारा अडतो.

लायब्ररीत अशा तीन हजारांवर पोथ्या आहेत, बऱ्याचशा जोसेफ रॉक या वनस्पतिशास्त्रज्ञाने जमवलेल्या. पुष्कळ पोथ्यांचं गाव कुठलं, ते कळत नाही. याची फार हळहळ वाटते. गाव गेलं की ती चित्रं कोणत्या बोलीत म्हणायची, हेही गेलं.

उद्या पोथ्यांची शेवटची पानं आधी उघडायची. काही दोंगबा तिथे आपलं नाव-गाव लिहून ठेवत.