उरलेलं, शिळं आणि उष्टं

समारंभांत उरलेलं जेवण गरजूंपर्यंत पोचवायचं असं आम्ही काही जणांनी ठरवलं, आणि पहिला फोन रात्री अकराला आला. साधारण ऐंशी जणांचं जेवण उरलंय, हॉल रिकामा करायचाय, लगेच या. आम्ही चौघं धावत गेलो, पातेली गाडीत घातली आणि एक वाजेपर्यंत वस्तीत वाटत फिरलो. शेवटचं पातेलं उघडलं तर आंबूस वास आला. निम्मं अन्न आम्हाला स्वतःच्या हातांनी फेकावं लागलं. आधी ज्यांनी खाल्लं त्यांना काही होईल का, या धास्तीनं मला सकाळपर्यंत झोप लागली नाही. सुदैवानं कुणाला काही झालं नाही. पण ज्याला डॉक्टरचा खर्च परवडत नाही, त्याच्या ताटात असं अन्न वाढायचा मला काय अधिकार होता?

तिथून मी नीट शिकायला बसले. शिजवलेलं अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसमध्ये राहिलं की त्यात जंतू झपाट्यानं वाढतात. म्हणून या तापमानात ते दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही. वास नसला म्हणजे अन्न चांगलंच आहे असं नसतं, कारण आजारी पाडणाऱ्या कितीतरी जंतूंचा वास येतच नाही. भरलेलं खोल पातेलं तसंच फ्रीजमध्ये ठेवलं तर मधला भाग कितीतरी तास कोमट राहतो. तेच अन्न उथळ ट्रेमध्ये, पाचेक सेंटिमीटरच्या थरात पसरलं की भराभर निवतं. पुन्हा गरम करताना ते आतपर्यंत ७५ अंशांना जायला हवं. आम्ही सगळ्यात आधी विकत घेतला तो सळईचा थर्मामीटर.

आता फोन आला की आधी प्रश्न. कधी शिजलं? कधीपासून बाहेर आहे? पानांत वाढून परत आलेलं त्यात मिसळलंय का? उरलेलं, शिळं आणि उष्टं हे तीन शब्द आपण घरी सहज वापरतो. आमचं सगळं काम त्यांच्यातल्या फरकावर चालतं. उरलेलं घ्यायचं, बाकीच्या दोन्हींना नाही म्हणायचं. नाही म्हटल्यावर देणारे दुखावतात, पण ते सोसावं लागतं.

रात्रीची धावपळ कमी व्हावी म्हणून सामायिक फ्रीज, म्हणजे ज्याला हवं त्यानं येऊन अन्न न्यावं असा फ्रीज, ठेवायचं ठरलं. फ्रीज लगेच मिळाला. जागा, वीज आणि परवानगी यांत मात्र चार महिने गेले. प्रत्येक जण एकच विचारायचा: काही झालं तर जबाबदार कोण? शेवटी आम्ही एक पानभर नियम लिहून खाली सह्या केल्या. प्रत्येक डब्यावर शिजवल्याची तारीख आणि वेळ, कच्चं मांस-मासे नाहीत, तापमानाची नोंद दिवसातून दोनदा, रोज पुसणं कुणाकडे तेही नावानिशी. त्या कागदानंतर जागा मिळाली.

मग मी मोठी चूक केली. फ्रीज दर्शनी भागात ठेवला आणि शेजारी वही घेऊन बसले, नेणाऱ्यांची नावं लिहायला. तीन दिवस कुणी फिरकलं नाही. चौथ्या दिवशी एक मावशी आल्या. म्हणाल्या, "अगं, नाव कशाला लिहून घेतेस? भूक लागली हे काय वहीत मांडायचं असतं?" त्याच संध्याकाळी वही उचलली आणि फ्रीज आडोशाला नेला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो रिकामा झाला.

पुढे त्याच मावशींनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. "शनिवारी तुमचा फ्रीज इतका भरतो की दार लागत नाही, आणि मंगळवारी पोरं दार उघडून तशीच परत जातात." नोंदवही पाहिली तर तसंच होतं. अन्न उरतं ते कार्यक्रमांच्या दिवशी. पोट रोज जेवायला मागतं. अमेरिकेतल्या फिनिक्समध्ये १९६७ साली जॉन व्हॅन हेंगेल यांनी पहिली फूड बँक, म्हणजे मिळालेलं अन्न साठवून गरजूंना देणारी संस्था, उभारली. तिच्या नावातला 'बँक' हा शब्द, म्हणजे असेल तेव्हा साठवायचं आणि नसेल तेव्हा काढायचं, मला तेव्हा खऱ्या अर्थानं कळला. आम्ही शेजारी कोरड्या शिध्याचं कपाट ठेवलं आणि महिन्याची वर्गणी सुरू केली. फुकट मिळालेल्या अन्नावर सगळं भागेल, हा हट्ट मी सोडला.

संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, आणि त्यातलं ६० टक्के घरांमधलं होतं. ते वाचल्यावर मी माझ्याच स्वयंपाकघरातलं टाकलेलं अन्न आठवडाभर वजन करून पाहिलं, मग तोच काटा हॉलवर न्यायला लागले. किती उरलं ते यजमानांना लिहून देते. तीन आचाऱ्यांनी अंदाज कमी केला, त्यामुळे आमच्याकडे येणारं अन्नही घटलं. काही सोबती हिरमुसले, मला मनापासून आनंद झाला.

मंगळवारची पाळी आता मावशी सांभाळतात. काल नोंदवहीत त्यांच्या अक्षरात होतं: तापमान ४ अंश, डबे ११, कपाट भरलेलं.