तुम्ही विचारलंत म्हणून: सोनं घसरलं, मग पुढे?

घरी येणारं कुणी ना कुणी विचारतंच, "जुन्या पेपरातले मथळे घेऊन तुम्ही पोरांना त्यांच्या पुढच्या गोष्टी रचून सांगता, हे कुठून आलं? बातमीची अशी थट्टा करावी का?" विचारलंत म्हणून सांगतो.

हे आलं भज्यांच्या कागदातून. आमच्या गावच्या स्टँडबाहेर कांदाभजी पेपरच्या तुकड्यावर मिळायची. भजी संपली की हातात तेलानं ओला झालेला कागद उरायचा. असा कागद उजेडाकडे धरला की मागच्या पानावरची अक्षरं पुढच्या पानात उमटतात, फिकट आणि उलटी. एका संध्याकाळी पुढून दिसत होतं 'सोने घसरले' आणि मागून उमटलं होतं 'घाटात वाहतूक ठप्प'. मी आठ वर्षांचा. वडिलांना विचारलं, "सोनं घाटात घसरलं का हो?" ते हसले नाहीत. कागद हातात घेऊन त्यांनीही उजेडाकडे धरला आणि म्हणाले, "दिसतंय तर तसंच. मग पुढे काय झालं असेल, सांग बघू."

घरी पोचेपर्यंत आम्ही सगळं ठरवून टाकलं. पाऊस झालेला, वळणावर सोन्याचा पाय घसरला आणि ते थेट दरीच्या कठड्याला जाऊन अडकलं. पंचनाम्याला आलेल्या हवालदारांनी विचारलं, "माल कुणाचा?" तर खोळंबलेल्या झाडून सगळ्या गाड्यांतून हात वर. सराफ केरसुण्या घेऊन निघाले, कारण रस्ता झाडायचं पुण्य त्या दिवशी सगळ्यांनाच हवं होतं. एका आजीबाईंनी मात्र आपल्या पाटल्या काढून पदरात बांधल्या. म्हणाल्या, "नातलगाला पडलेलं बघून याही उड्या मारतील."

तेव्हापासून मथळा दिसला की मला पुढचं ऐकू येतं. यात मोठा वाटा आपल्या भाषेचा आहे. मराठी पेपरात डाळी कडाडतात, भाज्या भडकतात, कापूस वधारतो आणि कांदा रडवतो. दोन कॉलमांच्या जागेत चार शब्द बसवणाऱ्या उपसंपादकानं बाजारातल्या एकेका जिनसाला स्वभाव दिलाय. मला त्या अनाम माणसांबद्दल फार प्रेम वाटतं.

पोरांचा सगळ्यात लाडका मथळा म्हणजे संप मिटल्यावर येणारा 'एसटी अखेर रुळावर'. ही गोष्ट दरवेळी नव्यानं सांगावी लागते. लाल गाडी फाटकातून वळून रुळावर चढते. स्टेशनमास्तर धावत येतात, "ही कुठली गाडी?" कंडक्टर शांतपणे सांगतो, "पंढरपूर. साधी." फलाटावरची माणसं सवयीनं खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात. मागून येणारी एक्स्प्रेस शिट्ट्या मारून दमते, पण फाट्यावर उतरणाऱ्या मावशींची बोचकी उतरल्याशिवाय डबल बेल पडत नाही. टीसी चढतो, तर कंडक्टरनं सगळ्यांची तिकिटं आधीच फाडलेली. मग दोघं मागच्या सीटवर बसून एकमेकांना आपापल्या खात्याचा पगार विचारतात. त्या पगाराच्या जागी माझी पुतणी गप्प होते. संप कशासाठी होता, हे तिनं मला त्या गोष्टीमुळेच विचारलं आणि मग मी तिला खरी बातमी वाचून दाखवली. एरवी ती तिनं ऐकून घेतली नसती.

थट्टेचं म्हणाल, तर माझ्याकडे वही आहे. पानाच्या वरच्या भागात कात्रण, त्याखाली पेन्सिलची रेघ, रेघेखाली आमची गोष्ट. छापलेलं वर, रचलेलं खाली. पोरं ही रेघ फार कडक पाळतात. ज्या मथळ्यात माणसं गेली आहेत तो आम्ही घेत नाही. 'पाणी पेटले' हा तर गोष्टीसाठी तयारच मथळा, बंबवाल्यांनी विझवायचं कशानं इथूनच सुरुवात. पण तो मी कधी घेतला नाही. उन्हाळ्यात माझी आई दोन हंड्यांसाठी पहाटे तीनला उठायची.

काही मथळ्यांना तर रचायचंही काम पडत नाही. 3 नोव्हेंबर 1948 च्या 'शिकागो डेली ट्रिब्यून'नं पहिल्या पानावर ठोकून दिलं होतं, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत ड्यूईनं ट्रुमनना हरवलं. छापखान्यातल्या कामगारांचा संप, त्यामुळे अंक लवकर छपाईला सोडावा लागला आणि मतमोजणी पुरी व्हायच्या आत निकाल ठरला. निवडून आले ट्रुमन. सेंट लुईस स्टेशनात गाडीत उभे राहून तोच अंक दोन्ही हातांनी उंच धरलेला त्यांचा हसरा फोटो माझ्या वहीत आहे. त्याखाली आम्ही रचलंय ते एका आडगावच्या वाचकाचं. त्याला तेवढाच अंक मिळाला आणि पुढची चार वर्षं तो प्रामाणिकपणे ड्यूईसाहेबांना रस्ता दुरुस्तीचे अर्ज पाठवत राहिला. रस्ता झाला का, यावर घरात अजून एकमत नाही.

आणि स्कायलॅब. ते मात्र मी स्वतः अनुभवलंय. जुलै 1979. अमेरिकेची साधारण 77 टनांची अंतराळ प्रयोगशाळा पडणार, कुठे पडेल सांगता येत नाही, हे रोज पेपरात. आमच्या आळीत लोकांनी उधारी चुकवली आणि काहींनी मुद्दाम नवी केली. आजीनं पुरणपोळ्या केल्या, "पडायचं तर पडू दे, पोरं उपाशी नकोत." 11 तारखेला ती पडली, हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात. आमच्याकडे दुसऱ्या दिवशी उरलेल्या पोळ्या दुधात कुस्करून खाल्ल्या आणि विषय संपला.

पुढचं मला फार उशिरा कळलं. तिथल्या एस्परन्स भागाच्या स्थानिक प्रशासनानं कचरा टाकल्याबद्दल नासाला 400 डॉलरचा दंड केला होता. 17 वर्षांचा एक मुलगा तिथले तुकडे घेऊन सॅन फ्रान्सिस्कोला गेला आणि तिथल्या पेपरनं जाहीर केलेलं 10,000 डॉलरचं बक्षीस घेऊन आला. दंड तसाच राहिला. शेवटी 2009 मध्ये अमेरिकेतल्या एका रेडिओ निवेदकानं श्रोत्यांकडून वर्गणी काढून तो भरला. तीस वर्षांनी! हे सगळं मी रेघेच्या वर लिहिलं, तेव्हा पोरांना पटेना, पेन्सिल घेऊन ती रेघ वर सरकवायला निघाली. खरंच आहे म्हणून तीनदा सांगावं लागलं.

आता पुतणीचा प्रश्न आहे, पावती कुणाच्या नावानं फाडली? रेघेखाली जागा आहे. आज रात्री जेवणं झाली की तेच ठरवायचंय.