क्लिक येतात, विक्री होत नाही: अफिलिएट मोहीम कुठून तपासायची

दुसऱ्याच्या वस्तूची लिंक द्यायची आणि तिच्यावरून विक्री झाली की कमिशन घ्यायचं, हे अफिलिएटचं काम. त्याच्या डॅशबोर्डवर विक्रीच्या रकान्यात शून्य दिसलं की बहुतेकांचा हात आधी दिसण्याकडे जातो. थंबनेल बदलतो, मथळा बदलतो, बटणाचा रंग हिरव्याचा केशरी होतो. शून्य तसंच राहतं, कारण ते नेमकं कुठे तयार झालं हे पाहिलेलंच नसतं.

हे शून्य तीन ठिकाणी तयार होतं. कधी नेटवर्कच्या, म्हणजे लिंक आणि कमिशन देणाऱ्या कंपनीच्या, अहवालात क्लिकच नोंदले जात नाहीत. कधी क्लिक दिसतात पण ऑर्डर नसते. कधी ऑर्डर दिसते पण कमिशन येत नाही. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत, त्यामुळे आपलं शून्य यातलं कोणतं हे अहवाल उघडून आधी ठरवा.

बोलायला सोपं जावं म्हणून एक उदाहरण धरू: स्वयंपाकघरातल्या वस्तूंवरचा मराठी ब्लॉग, मिक्सरवरचे लेख, ॲमेझॉन इंडियाच्या लिंक, आणि सोबत इन्स्टाग्राम व टेलिग्राम. दुसऱ्या नेटवर्कवर नियमांचे आकडे बदलतात, तपासणीचा क्रम हाच राहतो.

आधी क्लिक मोजा, आणि खरे मोजा

साठ क्लिकवर एकही विक्री झाली नाही म्हणून मोहीम फसली असं म्हणता येत नाही. समजा तुमच्या लिंकवर खरोखर दर शंभर क्लिकमागे एक विक्री होते. तरीही पहिल्या १०० क्लिकमध्ये एकही विक्री न होण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के असते. ३०० क्लिकनंतर ती ५ टक्क्यांच्या आसपास येते. यासाठी संख्याशास्त्रात एक सोपा नियम आहे: विक्री शून्य असेल तर ३ भागिले क्लिकची संख्या करा. येणारं उत्तर म्हणजे खरा दर जास्तीत जास्त किती असू शकेल याचा साधारण अंदाज. ६० क्लिक आणि शून्य विक्री असेल तर खरा दर ५ टक्क्यांपर्यंत असू शकतो, म्हणजे तुम्हाला अजून काहीच कळलेलं नाही. ३०० क्लिक आणि शून्य विक्री असेल तर दर १ टक्क्याच्या वर असण्याची आशा सोडायला हरकत नाही.

हे ३०० क्लिक माणसांचे हवेत. लिंक टेलिग्रामवर किंवा फेसबुकवर टाकली की प्रिव्ह्यू दाखवण्यासाठी त्यांचे बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्राम, ती उघडतात. वर्डप्रेसमधलं लिंक लपवणारं प्लगइन किंवा लिंक छोटी करणारी सेवा हे बॉटही क्लिकमध्ये धरू शकते. म्हणून प्लगइनचा आकडा आणि नेटवर्कच्या अहवालातला आकडा शेजारी ठेवून पाहा. प्लगइन ४०० दाखवतं आणि ॲमेझॉन ९०, तर हिशेब ९० वर करायचा. दोन्हींत थोडा फरक नेहमीच राहतो, पण इतका मोठा असेल तर बॉट किंवा तुटलेली लिंक, यांपैकी एक कारण नक्की शोधा. अहवाल साधारण एक दिवस मागे असतो, त्यामुळे आज सकाळच्या पोस्टचा निकाल आज संध्याकाळी लावू नका.

लिंकमध्ये तुमचं नाव शिल्लक आहे का

ब्राउझरची खाजगी खिडकी उघडा, आपल्याच लेखातून लिंक दाबा, आणि शेवटी उघडलेल्या पानाचा पूर्ण पत्ता वाचा. त्यात तुमचा टॅग, म्हणजे विक्री तुमच्या नावावर टाकणारी खूण, दिसला पाहिजे. ॲमेझॉन इंडियाच्या टॅगच्या शेवटी डॅश आणि २१ असतं, अमेरिकेच्या टॅगच्या शेवटी डॅश आणि २०. अमेरिकेचा टॅग भारताच्या लिंकला जोडला तर विक्री होऊनही तुमच्या नावावर काही पडत नाही.

टॅग हरवण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. सगळ्यात जास्त वेळा होतं ते असं: फोनवरच्या ॲमेझॉन ॲपमधलं साधं शेअर बटण दाबून लिंक घेतली जाते. ती लिंक चालते, पान उघडतं, फक्त त्यात तुमचा टॅग नसतो. लिंक नेहमी साइटस्ट्राइपमधून (ॲमेझॉनच्या पानावर वर दिसणारी अफिलिएटची पट्टी) किंवा असोसिएट्सच्या (ॲमेझॉनचा अफिलिएट कार्यक्रम) पॅनेलमधूनच काढा. दुसरी जागा म्हणजे रीडायरेक्टची, एका पत्त्यावरून दुसऱ्यावर आपोआप नेण्याची, साखळी. तुमचं प्लगइन, मग छोटी लिंक, मग आणखी एखादी सेवा, अशा तीन उड्यांत एखादीने पत्त्यातला प्रश्नचिन्हानंतरचा भाग गाळला की टॅग गेला. एकच उडी ठेवा. आणि ती ३०१ (कायमच्या) प्रकारची नको, ३०२ किंवा ३०७ (तात्पुरती) ठेवा. ३०१ ब्राउझर लक्षात ठेवतो. तुम्ही मागाहून लिंक दुरुस्त केलीत तरी जुना वाचक जुन्याच पानावर जात राहतो.

इन्स्टाग्रामचा विषय वेगळा आहे, आणि माझ्या मते मराठी क्रिएटर्सची सर्वाधिक विक्री इथेच हरवते. पोस्टखालच्या मजकुरातली लिंक दाबताच येत नाही, ती बायोमध्ये किंवा स्टोरीच्या स्टिकरवरच चालते. तिथून दाबली तरी पान अनेकदा इन्स्टाग्रामच्या आतल्या ब्राउझरमध्ये उघडतं. तिथे ग्राहक ॲमेझॉनवर लॉगिन केलेला नसतो. पासवर्ड मागितला की तो ते पान बंद करतो, ॲमेझॉनचं ॲप स्वतः उघडतो आणि मिक्सरचं नाव शोधून विकत घेतो. विक्री झाली, तुमच्यामुळे झाली, पण नोंद नाही. आपल्या फोनवर हे करून पाहा. ॲप थेट उघडत नसेल तर स्टोरीमध्येच एक ओळ लिहा: वरच्या तीन टिंबांवर दाबून बाहेरच्या ब्राउझरमध्ये उघडा. थेट ॲप उघडणाऱ्या डीप लिंकची सोय देणाऱ्या सेवाही आहेत; त्या वापरताना टॅग शेवटपर्यंत टिकतो का हे वरच्याच पद्धतीने तपासा.

स्वतःच खरेदी करून लिंक तपासायला जाऊ नका. ॲमेझॉनच्या नियमांत स्वतःच्या लिंकवरून केलेली खरेदी धरली जात नाही आणि खातं अडचणीत येऊ शकतं. ईमेलमध्ये किंवा पीडीएफमध्ये या लिंक टाकण्याआधीही सध्याचे नियम वाचा. दुसऱ्या नेटवर्कवर असाल तर मॅनेजरला सांगून चाचणीची ऑर्डर टाकता येते का विचारा; विक्री झाल्याचं नेटवर्कला कळवणारा पिक्सेल किंवा पोस्टबॅक बिघडलेला असेल तर तो तिथेच सापडतो.

ऑर्डर दिसते पण पैसे नाहीत, या तिसऱ्या शून्याबद्दल थोडक्यात. ॲमेझॉनवर कमिशन ऑर्डरवर नाही, माल पाठवल्यावर नोंदलं जातं, आणि वस्तू परत आली की वजा होतं. कॅश ऑन डिलिव्हरीची ऑर्डर दारात नाकारली गेली तर तीही गेली. म्हणून आठवड्याचा निकाल लगेच न काढता महिनाभराने काढा.

वाचक काय करायला आला होता

लिंक ठीक आहे, खरे क्लिक ३०० च्या पुढे गेले आहेत, तरी विक्री नाही. आता मजकुराकडे या. गुगलचं सर्च कन्सोल उघडा आणि त्या लेखावर कोणत्या शोधातून लोक येतात ते ओळीने वाचा. मिक्सरच्या एकाच लेखावर चार प्रकारची माणसं येतात.

‘मिक्सर गरम होऊन बंद पडतो’ असं शोधणाऱ्याला नवा मिक्सर नको आहे. त्याला खालच्या बाजूचं लाल ओव्हरलोड बटण दाबायचं असतं, हे त्याला माहीत नाही. ‘भांडं खालून गळतं’ वाल्याला वॉशर हवा आहे. ‘खडखड आवाज येतो, पातं फिरत नाही’ वाल्याला बहुधा कपलर, म्हणजे मोटर आणि भांडं जोडणारा भाग. या तिघांना साडेतीन हजारांच्या मिक्सरची लिंक दिलीत तर ते कुतूहलाने दाबतील आणि परत जातील. त्यांना त्यांच्या मॉडेलला बसणारा कपलर किंवा वॉशर दाखवा. कमिशन काही रुपयेच मिळेल, पण विक्री होईल. शिवाय ॲमेझॉनवर ग्राहकाने त्या खेपेत दुसरं काही घेतलं तर तेही बहुतेक वेळा मोजलं जातं.

‘५०० वॅट की ७५० वॅट’ शोधणारा अजून ठरवतो आहे. त्याला वस्तूची यादी नको, निर्णय हवा. चटणी आणि शेंगदाण्याचं कूट एवढंच काम असेल तर ५०० पुरतं. इडली-डोशाचं पीठ, पुरण, वाळक्या मिरच्यांचा मसाला नेहमी होत असेल तर ७५० घ्या, असं स्पष्ट लिहा. ‘इडलीच्या पिठासाठी कोणता मिक्सर’ विचारणारा जवळपास दुकानात पोचलेला आहे. आणि एखाद्या मॉडेलचं नाव टाकून ‘कसा आहे’ विचारणाऱ्याला फक्त शेवटचा होकार हवा आहे. सर्वांत कमी क्लिक याच शेवटच्या प्रकाराचे येतात आणि सर्वांत जास्त विक्री त्यांतूनच होते. तुमचा सगळा मजकूर पहिल्या प्रकारच्या लोकांसाठी असेल तर क्लिक हजारांनी येऊनही विक्री शून्याच्या जवळ राहणार.

लिहिताना वस्तूच्या पानावरचीच माहिती पुन्हा उतरवू नका. वॅट, रंग, वॉरंटी तिथे आहेतच. वाचकाला तिथे मिळत नाही ते द्या: मोठ्या भांड्यात पाव किलो भिजवलेली डाळ एका वेळी बसते का, वाळक्या मिरच्या दळताना किती वेळाने थांबवावं लागतं, झाकण एका हाताने बसतं का, तालुक्याच्या गावी सर्व्हिस सेंटर आहे का. दहा मिक्सरची तुलना वाचून माणूस गोंधळतो आणि ‘नंतर बघू’ म्हणून उठतो. दोन किंवा तीनच ठेवा, आणि कोणता कोणी घ्यावा आणि कोणी घेऊ नये हे प्रत्येकाखाली लिहा. ‘घेऊ नये’ ही ओळ गाळू नका. तिच्यामुळेच बाकीच्या ओळींवर विश्वास बसतो.

जाहिरात असल्याचं लपवल्याने विक्री वाढते हा समज सोडून द्या. एएससीआय या जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेने २०२१ मध्ये इन्फ्लुएन्सरसाठी आणलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार असा संबंध उघड सांगावा लागतो, आणि ॲमेझॉनही तसं सांगणारं वाक्य मागतं.

दुकानाच्या बाजूला काय चाललंय

कधी तुमचा लेख चोख असतो आणि अडचण वस्तूच्या पानावर असते. आठवड्यातून एकदा आपल्या पहिल्या दहा लिंक स्वतः उघडा. माल संपलाय का? लिंक भलत्याच रंगाच्या किंवा महागड्या प्रकारावर उघडते का? मूळ विक्रेता जाऊन दुसरा आला आणि किंमत चढली का? लेखात हाताने किंमत लिहू नका. ती बदलते, वाचकाला फसवल्यासारखं वाटतं, आणि ॲमेझॉनच्या नियमांतही ते बसत नाही. पिनकोड बदलूनही पाहा. पुण्यात दोन दिवसांत येणारी जड वस्तू गडचिरोलीच्या किंवा सिंधुदुर्गाच्या पिनकोडवर ‘उपलब्ध नाही’ दाखवू शकते, आणि तुमचे निम्मे वाचक तिथले असू शकतात.

ब्लॉगच्या ॲनालिटिक्समध्ये वाचकांचे देशही बघा. मराठी मजकुराला अमेरिका, इंग्लंड, आखातातून वाचक येतात. अमेरिकेतला वाचक भारताच्या लिंकवर क्लिक करून विकत घेणार नाही, आणि २३० व्होल्टचा भारतीय मिक्सर तिथल्या १२० व्होल्टवर नीट चालणारही नाही. त्याच्यासाठी तिथे मिळणाऱ्या, तिथल्या व्होल्टेजवर चालणाऱ्या मॉडेलची, तिथल्या टॅगची वेगळी लिंक लागते.

मग वेळ. ॲमेझॉनवर क्लिकनंतर २४ तास तुमचे. त्या आत वस्तू कार्टमध्ये गेली तर पुढे साधारण ९० दिवसांत झालेली ऑर्डरही तुमच्या नावावर येते. मात्र त्या २४ तासांत ग्राहकाने दुसऱ्या कोणाच्या अफिलिएट लिंकवर क्लिक केलं तर त्यानंतरच्या खरेदीवरचा तुमचा हक्क संपतो. मिक्सरसारखी वस्तू घरात विचारून घेतली जाते आणि ते विचारणं एका दिवसात संपत नाही. म्हणून लेखात सरळ लिहा: घरी विचारायचं असेल तर आत्ता कार्टमध्ये टाकून ठेवा. दुपारी टाकलेली टेलिग्राम पोस्ट रात्री नऊच्या सुमाराला टाकून पाहा, घरची माणसं एकत्र असतात तेव्हा.

पितृपंधरवड्यात अनेक मराठी घरांत नवी वस्तू येत नाही, आणि नेमका तोच काळ दसरा-दिवाळीच्या सेलच्या आधीचा असतो. लोक बघतात, जमवून ठेवतात, घेत नाहीत. त्या दिवसांतल्या आकड्यांवरून लेख मोडीत काढू नका.

पैसे देऊन क्लिक आणत असाल तर

आधी कागदावर गुणाकार करा. ३,५०० रुपयांचा मिक्सर. त्यातला १८ टक्के जीएसटी वगळला की सुमारे २,९६६ रुपये, कारण कमिशन कराआधीच्या रकमेवर असतं. उदाहरणापुरतं ४ टक्के कमिशन धरा: ११९ रुपये. शंभर क्लिकमागे एक विक्री म्हणजे क्लिकमागे १ रुपया १९ पैसे. दहातली एक ऑर्डर परत किंवा रद्द झाली तर १ रुपया ७ पैसे. जाहिरातीचा क्लिक ३ रुपयांना पडत असेल तर मथळा कितीही सुधारा, ही मोहीम तोट्यातच राहणार. अशा वेळी वस्तू बदलावी लागते, किंवा क्लिक फुकट येईल अशी जागा शोधावी लागते. गुगलच्या जाहिरातीतून थेट ॲमेझॉनच्या पानावर नेणं असोसिएट्सच्या नियमांत निषिद्ध आहे, तो मार्ग धरूच नका.

एक शेवटची व्यवस्था आजच करून ठेवा. ब्लॉग, इन्स्टाग्राम, टेलिग्राम, प्रत्येकासाठी वेगळा ट्रॅकिंग आयडी (म्हणजे वेगळा टॅग) बनवा, आणि महत्त्वाच्या लेखांना स्वतंत्र आयडी द्या. एका वेळी एकच गोष्ट बदला, बदलाची तारीख वहीत लिहा, आणि पुढचे ३०० खरे क्लिक होईपर्यंत त्या पानाला हात लावू नका. तेवढ्यानंतरही विक्री नसेल तर लेख ठेवा, वस्तू बदला. दुसऱ्या वस्तूच्या ३०० क्लिकनंतरही तीच गत असेल, तर तो शोध खरेदीचा नाही. त्या लेखातल्या खरेदीच्या लिंक काढा आणि तिथून खरेदीच्या लेखाकडे नेणारी एक आतली लिंक द्या.