किलो-ओहम बघून हंबकर घेऊ नका

इलेक्ट्रिक गिटारच्या तारांचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारी कॉइल म्हणजे पिकअप. तो बदलायचा विषय निघाला की पोरं पहिला प्रश्न हाच विचारतात, "दादा, किती केचा घेऊ?" के म्हणजे किलो-ओहम, पिकअपमधल्या तारेचा रोध: आठचा, बाराचा की सोळाचा. आकडा जेवढा मोठा तेवढा पिकअप दमदार, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. दारव्ह्यात माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. शेतपंपाच्या जळालेल्या मोटारी भरणं आणि तांब्याच्या तारेचे ओहम मोजणं हे माझं पोटापाण्याचं काम. संध्याकाळी गिटार. म्हणून या एका मुद्द्यावर मी ठामपणे बोलतो: त्या आकड्यावरून पिकअपची ताकद कळत नाही. आत तार किती आणि केवढी बारीक, एवढाच अंदाज येतो, आणि त्यातलं एक तरी माहीत नसेल तर तोही धड येत नाही.

माझी गिटार लेस पॉल (गिब्सनचं मॉडेल) आकाराची आहे, दोन हंबकरवाली, म्हणजे दोन कॉइलचे, गुणगुण मारणारे पिकअप असलेली, जुनी घेतलेली. भीमगीतांच्या ऑर्केस्ट्रात वाजवतो. एप्रिलमध्ये जयंतीचे कार्यक्रम, नंतर गणपती, मग दुर्गोत्सव; आमच्या यवतमाळ जिल्ह्यात दुर्गोत्सव म्हणजे काय ते इकडच्या माणसाला सांगायला नको. गिटारीत आधीपासून सिरॅमिक मॅग्नेटचे, भरपूर आउटपुटचे पिकअप होते. घरी एकट्याने वाजवताना झकास. पण स्टेजवर कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोलकी आणि दोन गायक सुरू झाले की गिटार नुसती घुमायची. आमचे ढोलकीवाले काकाजी एका तालमीनंतर म्हणाले, "आवाज तं लय येते गा तुह्या गिटारीचा, पण वाजवून काय राह्यला ते काही समजत नाही." मला पाहिजे होतं ते याच वाक्यात होतं. आवाज वाढवायचा नव्हता, उकलायचा होता.

आता ओहमचं गणित. जुन्या पद्धतीच्या हंबकरमध्ये ४२ गेजची तार असते; गेजचा नंबर जेवढा मोठा तेवढी तार बारीक. हा अमेरिकन गेज. आपल्याकडे वाइंडिंगवाले एसडब्ल्यूजी, म्हणजे ब्रिटिश गेज, बोलतात, आणि त्यातली ४२ नंबरची तार ०.१ मिलिमीटरची येते, म्हणजे बरीच जाड. अमेरिकन ४२ म्हणजे ०.०६३ मिलिमीटर, केसाएवढी. आपल्या हिशोबात ती ४६ नंबरच्या जवळ जाते. कोणी घरी बॉबिन (तार गुंडाळायची रीळ) भरायच्या विचारात असेल तर तार मागवण्याआधी एवढं बघून घ्या. या तारेचा रोध मीटरला साधारण साडेपाच ओहम. म्हणजे आठ किलो-ओहमच्या पिकअपमध्ये जवळपास दीड किलोमीटर तार झाली. ४४ गेजची तार अजून बारीक, मीटरला साडेआठ ओहमच्या वर. तिने भरलेला सोळा किलो-ओहमचा पिकअप घ्या: आत तार निघते एकोणीसशे मीटरच्या आसपास. ओहम दुप्पट, तार मात्र पंचवीस-तीस टक्केच जास्त. मग "डबल पॉवर" कुठून येणार? थोडे जास्त टर्न (तारेचे वेढे), त्यामुळे थोडं जास्त आउटपुट, आणि सोबत वाढलेला इंडक्टन्स, म्हणजे कॉइलचा बदलत्या करंटला होणारा विरोध, जो वरच्या पट्टीतली चमक खाऊन टाकतो. खरं तर कंपन्यांनी इंडक्टन्सचा आकडा ठळक छापायला पाहिजे. जुन्या धाटणीचा हंबकर चार-पाच हेन्रीच्या (इंडक्टन्सचं माप) घरात असतो, तापट, म्हणजे जास्त आउटपुटचा पिकअप आठपर्यंत जातो. आवाज उजळ येईल की जाड, हे या आकड्यावरून जास्त नीट कळतं.

अजून एक गोष्ट, जी आपल्या हवेत फार जाणवते. तांब्याचा रोध दर अंशाला ०.३९ टक्क्याने वाढतो. २५ अंशाला ८.२ किलो-ओहम दाखवणारा पिकअप मे महिन्यात ४५ अंशाच्या दुपारी मीटरवर ८.८ दाखवेल आणि जानेवारीच्या पहाटे १२ अंशाला ७.८. पिकअप तोच, तार तीच. मोटारीचं वाइंडिंग तपासताना हा हिशोब आम्ही रोज मनात धरतो. तेव्हा कोणी जुना पिकअप विकताना मीटर नाचवून "बघ, जास्त ओहमचा आहे" म्हणालं तर आधी तापमान विचारा.

हंबकर बनवला सेथ लव्हर यांनी, गिब्सन कंपनीत, मिशिगनमधल्या कलामझूला. पेटंटचा अर्ज १९५५ चा, पेटंट मिळालं १९५९ ला. मधल्या काळात पिकअपखाली 'पेटंटसाठी अर्ज केला आहे' अशा अर्थाची इंग्रजी पट्टी चिकटवत, तिच्या आद्याक्षरांवरून त्या पिकअपना पीएएफ नाव पडलं. दोन कॉइल, प्रत्येकीवर साधारण पाच हजार टर्न, खाली एक आडवा मॅग्नेट. दोन्ही कॉइलमधली मॅग्नेटची दिशा उलट आणि तारेची जोडणीही उलट. गिटारीच्या तारेचा सिग्नल दोनदा उलटून परत सुलटा होतो आणि बेरीज होते. बाहेरून आलेली गुणगुण एकदाच उलटते, म्हणून कटते. मोटारी भरणाऱ्या माणसाला यातलं सौंदर्य लगेच दिसतं. कॉइलची एक जोडणी फिरवली की मोटार उलटी फिरते, हे आम्ही हाताने करतो. या गृहस्थाने तेच साधन घेऊन गोंगाट मारला. त्या जुन्या पिकअपमध्ये टर्न कमी-जास्त असायचे, म्हणून एकाचा आवाज दुसऱ्यासारखा नाही, आणि आज लोक त्याच फरकासाठी वेडे होतात. मला ते पटतं. हाताने भरलेल्या वाइंडिंगमध्ये हात उमटतोच.

बाजारात बदली पिकअपचा धंदा १९७० च्या दशकात उभा राहिला. लॅरी डिमार्झिओ यांचा सुपर डिस्टॉर्शन आधी आला, सिरॅमिक मॅग्नेटचा, अँपला (अँप्लिफायरला) जोरात ढकलणारा. मग सेमूर डंकन यांची कंपनी. ज्याला हेवी मेटल वाजवायचं आहे त्याने सुपर डिस्टॉर्शन किंवा डंकनचा जेबी जरूर घ्यावा, ते त्यासाठीच आहेत. जेबीचा आकडा सोळा किलो-ओहमच्या वर आणि मॅग्नेट अल्निको ५ (अॅल्युमिनियम, निकेल, कोबाल्टच्या मिश्रधातूचा). डंकनच्याच 'फिफ्टी-नाइन' या मॉडेलचा ब्रिज पिकअप (तारा जिथे गिटारीच्या बॉडीवर टेकतात त्या ब्रिजजवळचा) आठच्या आसपास, आणि मॅग्नेट तोच अल्निको ५. एकाच कंपनीच्या, एकाच मॅग्नेटच्या या दोन पिकअपच्या आवाजात जमीन-अस्मानाचा फरक आहे, तो तारेमुळे.

मी ब्रिजला फिफ्टी-नाइन घेतला आणि नेकला (गिटारीच्या मानेजवळ) डिमार्झिओचा पीएएफ नावाचा पिकअप. दोन्ही मध्यम आउटपुटचे. कारण सरळ आहे. आमच्या गाण्यात गिटारीचं काम म्हणजे कडव्यांमधले तुकडे आणि मुखड्याला धरलेले कॉर्ड. खालचा आणि मधला पट्टा कीबोर्ड आणि ढोलकीने भरलेला असतो. तिथे जाऊन भांडण्यात अर्थ नाही. गाणारी ताई ओळ सोडते आणि पुढची उचलते, त्या फटीत दोन-तीन सूर स्वच्छ पडले पाहिजेत. आउटपुट कमी पडलं तर पेडलने वाढवता येतं; पिकअपमध्येच हरवलेली चमक कुठल्याच पेडलने परत येत नाही.

पिकअप घेण्याआधी ब्रिजवर पहिल्या तारेपासून सहाव्यापर्यंतचं अंतर मोजून घ्या. पन्नास मिलिमीटरच्या आत-बाहेर असेल तर साधा पिकअप, बावन्न-त्रेपन्न असेल तर रुंद.

दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे पिकअप एकत्र बसवताना तारांचे रंग नीट बघा. डंकनमध्ये काळी तार सिग्नलची, लाल आणि पांढरी एकमेकींना जोडून टेप मारायची, हिरवी आणि उघडी ग्राउंडला. डिमार्झिओमध्ये लाल सिग्नलची, काळी आणि पांढरी जोडायची, हिरवी आणि उघडी ग्राउंडला. घरगुती वायरिंगमध्ये आपल्या हाताला काळी म्हणजे न्यूट्रल अशी सवय असते, ती इथे बाजूला ठेवायची. सोल्डर करण्याआधी फेज तपासा, म्हणजे दोन्ही पिकअपचा सिग्नल एकाच दिशेने निघतो का ते. त्याला काट्याचा जुना मल्टिमीटर लागतो, आकडेवाल्यावर नीट दिसत नाही. मीटर सगळ्यात खालच्या डीसी रेंजवर ठेवायचा, लाल प्रोब सिग्नलच्या तारेला, काळा ग्राउंडला. लोखंडी स्क्रूड्रायव्हर पिकअपच्या खिळ्यांवर टेकवायचा, तो मॅग्नेटला चिकटतो, आणि झटक्यात वर ओढायचा. काटा एका बाजूला टचकन उडतो. दुसऱ्या पिकअपला तसंच करा. काटा दोन्हींना एकाच बाजूला गेला तर जोडणी बरोबर. उलट गेला तर एका पिकअपची सिग्नलची आणि हिरवी तार अदलाबदल करायची. उघडी तार मात्र कायम ग्राउंडलाच राहते. हे केलं नाही आणि फेज उलटी निघाली तर दोन्ही पिकअप एकत्र लावल्यावर आवाज पातळ, नाकातून आल्यासारखा येतो.

पॉट, म्हणजे व्हॉल्यूम-टोनच्या बटणाखालचे फिरते रोध, पाचशे किलो-ओहमचेच वापरा. त्यातही वीस टक्के इकडे-तिकडे चालतं, म्हणजे पाचशे लिहिलेला पॉट मीटरवर चारशे दहाही निघतो. मूठभर पॉट मोजून जास्त ओहमचा मी नेकला लावतो, कारण नेकच्या आवाजात चमक कमी असते, आणि कमीवाला ब्रिजला.

गुणगुणीबद्दल लोकांचा मोठा गैरसमज आहे, तो इथे लिहिलाच पाहिजे. हंबकर फक्त चुंबकीय गुणगुण मारतो: ट्यूबलाइटचा चोक, अँपचा ट्रान्सफॉर्मर, शेजारच्या शेतातली थ्री फेज लाइन. अँप चालू ठेवून गिटार घेऊन जागेवर गोल फिरा. आवाज दिशेप्रमाणे कमी-जास्त होत असेल तर तो हा प्रकार. पण तारांना हात लावल्यावर जी चरचर कमी होते ती शिल्डिंगची (बाहेरचा गोंगाट अडवणाऱ्या धातूच्या आवरणाची) आणि अर्थिंगची आहे. ती पिकअप बदलून जाणार नाही. कंट्रोलच्या पोकळीत तांब्याची पट्टी चिकटवा, ती ग्राउंडला जोडा. आणि अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घाला. आपल्याकडे मार्चपासून जमीन वाळते, अर्थिंग नावापुरतं उरतं. स्वस्त इन्व्हर्टरची वीज साइन वेव्ह नसते, तिच्यावर तर कुठलाही पिकअप बझ करेल.

मंडपात गाण्याआधी मी एक काम कधीच चुकवत नाही. मल्टिमीटर एसी व्होल्टवर, एक प्रोब गिटारीच्या तारेला, दुसरा माइकच्या जाळीला. काही व्होल्ट दाखवत असतील तर अर्थिंग शोधल्याशिवाय गायकाला माइकजवळ जाऊ देत नाही. गिटार हातात आणि ओठ माइकला, अशा माणसाच्या अंगातून तो करंट जातो. प्रत्येक मंडळाने ही तपासणी करावी, हात जोडून सांगतो.

पिकअप बसवल्यावर उंची लावा. शेवटचा फ्रेट दाबून तार आणि पिकअपमध्ये ब्रिजला दोन मिलिमीटर, नेकला तीनच्या जवळ, आणि तिथून कानाने. फार वर चढवला की मॅग्नेट तारेला ओढतो आणि सूर डगमगतो. उन्हाळ्यात गिटार बंद गाडीत ठेवू नका. बहुतेक पिकअपच्या कॉइलमध्ये मेण भरलेलं असतं, ते साठ अंशाच्या आसपास वितळतं, आणि मेण ढिलं झालं की मोठ्या आवाजात पिकअप शिट्टी मारतो.

काकाजींनी नव्या पिकअपवर पहिली तालीम ऐकून एवढंच विचारलं, "तो मधला तुकडा नवा बसवला का?" तुकडा जुनाच होता. जुने दोन्ही पिकअप माझ्याकडे आहेत, चालू आहेत, मेटल वाजवणाऱ्याला छान चालतील. कोणाला हवे असतील तर दुकानात या, गिटार सोबत आणा, बसवूनच देतो.