एसीतून सिलिंडरचा वास

मे महिना, नुकताच वळीव पडून गेलेला आणि गुजरीतल्या एका सराफांचा फोन: "एसी गार करंना झालाय, तेवढं बघून जावा की." पुढं दुकान, मागं कारागिरांची खोली, एसी मधल्या भिंतीवर. आउटडोअरवर पट्टी आर-२२ ची, म्हणजे जुन्या एसीतल्या गार करणाऱ्या गॅसची.

गेज लावलं तर दाब निम्म्याहून कमी. गेजची नळी सोडवताना चिमूटभर गॅस सुटला आणि नाकात घुसला तो थेट स्वयंपाकघरातला वास! आर-२२ ला असा वास नसतो. घरगुती गॅसला तो मुद्दाम घालतात, गळती कळावी म्हणून. हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचणारा. आणि कारागीर तिथंच मांडी घालून ज्योतीवर बांगडी जोडत बसलेला.

"आधी ते बंद करा!" मी ओरडलोच. आतल्या बटणाला कुणाला हात लावू दिला नाही, बाहेरच्या बोर्डावरनं मेन पाडला, दारं सताड उघडली.

"मागच्या मेकॅनिकनं निम्म्या पैशात भरला हो," शेठ म्हणाले, "गार पण झ्याक करत होता."

करणारच. सिलिंडरच्या गॅसातही प्रोपेन असतो, आणि एसीतला आर-२९० म्हणजे प्रोपेनच, त्याचे एसी आपल्याकडं राजरोस विकले जातात. पण त्यात गॅसचं वजन मोजून ठेवलेलं असतं, ठिणगीचा बंदोबस्त असतो. आर-२२ च्या जुन्या खोक्यात यातलं काही नाही. ओझोनचा थर जपायला झालेल्या मॉन्ट्रियल करारानं आपल्याकडं आर-२२ ला २०३० पर्यंत जवळपास निरोप द्यायचाय. २०२५ पासून त्यावर चालणारा नवा एसी बनवायलाच बंदी. नियम रास्तच आहे. पण जुनी मशिनं भिंतीवर आहेतच, आणि गॅस महागला की असले जुगाड सुचतात. ट्रेनिंग कंपन्यांच्या माणसांना मिळतं, गल्लीतल्या पोराला कोण देतो?

उरलेला गॅस गच्चीवर पाइप नेऊन हळूहळू सोडला, लाइन नायट्रोजननं धुतली. शेठ म्हणाले, "नवाच बसवूया मग."

आर-३२ या नव्या गॅसचा बसवू म्हटलं. तोही थोडा जळणाराच, म्हणून ज्योतीपासनं लांब, पुढच्या दुकानात. मागं एक्झॉस्ट. दाब आर-२२ च्या दीडपटीहून जास्त, तेव्हा तांब्याची पाइपही नवी.

शेठ जरा गप्प बसले, मग घासाघीस सुरू: "पाइप जुनीच चालत न्हाई व्हय?"