मोटर यॉटवर दोघांनी राहायचं तर: वीज, पाणी, डिझेल आणि साखळीचा हिशोब

निवृत्तीनंतर बोटीवर राहायचा विचार करणारी बडोद्यातली मंडळी आम्हाला सगळ्यात आधी विचारतात, "किती वेगाने जाते?" आमचं उत्तर ठाम आहे: दोघांच्या घरासाठी सावकाश चालणारी, पोटात भरपूर साठा घेणारी बोट घ्यावी. वेगाची किंमत प्रत्येक सागरी मैलाला डिझेलमध्ये मोजावी लागते.

पाण्याला टेकलेली लांबी 36 फूट असेल, तर पाणी कापत जाणाऱ्या बोटीचा नैसर्गिक कमाल वेग साधारण 8 नॉट, म्हणजे तासाला 8 सागरी मैल, येतो (फुटांचं वर्गमूळ गुणिले 1.34). त्या मर्यादेजवळ बोट स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढायला लागते आणि इंजिनाची ताकद तिथेच खर्च होते. अशा 12 टनांच्या बोटीला 6.5 नॉटला तासाला सुमारे 6 लीटर डिझेल लागतं, 8 नॉटला 14 च्या आसपास. टाकी 1000 लीटरची धरा आणि त्यातले 200 लीटर राखीव ठेवा. उरलेल्या 800 लीटरमध्ये सावकाश गेलात तर साडेआठशे सागरी मैल होतात, घाई केलीत तर साडेचारशे. मुंबई ते कोची हे अंतर सहाशे सागरी मैलांच्या आतबाहेर आहे. म्हणजे एका वेगाने थेट पोचता येतं आणि दुसऱ्या वेगाने वाटेत डिझेल शोधत बसावं लागतं.

सगळ्यात जास्त विचार विजेचा करावा लागतो. नांगर टाकून राहिल्यावर किनाऱ्याची वायर नसते, तेव्हा रोजचा खर्च वॅट-तासांत लिहून काढायचा. उष्ण हवेत फ्रिज आणि छोटा फ्रीझर मिळून 1100, छोटे पंखे रात्रभर 200, फोन-लॅपटॉप-राउटर 400, दिवे आणि पाण्याचा पंप 150, इंडक्शनवर दोन वेळचा स्वयंपाक 900. बेरीज 2750. छतावर 800 वॅटची सोलर पॅनेल बसली तर चांगल्या उन्हात दिवसाला 3200 च्या आसपास मिळतात, पण पॅनेलवर मास्टची किंवा अँटेनाची सावली पडता कामा नये. एका पट्टीवर सावली पडली तरी त्या पॅनेलचं उत्पादन बरंच घसरतं. ढगाळ दिवसांसाठी बॅटरीत दीड दिवसाचा साठा हवा. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या 400 अँपिअर-तास बॅटऱ्या (12 व्होल्ट) ऐंशी टक्क्यांपर्यंत वापरल्या तर तेवढा मिळतो. तेवढंच काम लेड-ॲसिड बॅटऱ्यांकडून करून घ्यायचं तर जवळजवळ 700 अँपिअर-तास लागतात, कारण त्या अर्ध्याखाली उतरवल्या की लवकर मरतात. वजन दोनशे किलोच्या घरात जातं ते वेगळंच.

लिथियम लावताना फक्त बॅटरी बदलून भागत नाही. ती मिळेल तेवढा करंट ओढते, त्यामुळे इंजिनावर फिरून बॅटरी भरणारा साधा अल्टरनेटर पूर्ण ताकदीने चालत राहतो आणि तापून जळतो. मध्ये करंटवर मर्यादा ठेवणारा डीसी-टू-डीसी चार्जर टाकावा किंवा तापमान बघून करंट कमी करणारा बाहेरचा रेग्युलेटर बसवावा. दुसरा धोका असा की बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या आतल्या सर्किटने (बीएमएस) चार्जिंग चालू असताना अचानक जोडणी तोडली तर व्होल्टेज उसळून अल्टरनेटरचे डायोड जातात. 2000 वॅटची इंडक्शन शेगडी इन्व्हर्टरमार्गे 12 व्होल्टमधून 185 अँपिअरच्या आसपास ओढते. त्या वायरचा छेद किमान 70 चौरस मिलिमीटर हवा, तांबं कल्हई केलेलं हवं, आणि फ्यूज बॅटरीला लागून, क्लास टी प्रकारचा (शॉर्टसर्किटचा प्रचंड करंट तोडणारा). खाऱ्या हवेत टर्मिनलवर हिरवा थर चढतो, तिथला रोध वाढतो आणि वायरींची आग बऱ्याचदा अशाच सैल किंवा गंजलेल्या जोडापासून सुरू होते. शेगडी चालू असताना जोडाजवळ हात नेऊन बघा. कोमट लागला तरी तो उघडून साफ करा.

एसी हवाच असं ज्यांना वाटतं, त्यांनी जनरेटर किंवा मरीनातली (यॉट लावायच्या धक्क्यावरची) वीज गृहीत धरावी. बॅटरीवर रात्रभर एसी हे या आकाराच्या बोटीचं काम नव्हे.

गॅसऐवजी इंडक्शन घ्या असं आम्ही आग्रहाने सांगतो, त्याला कारण आहे. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. घरात गळती झाली तर दार-खिडकी उघडून तो बाहेर काढता येतो. बोटीत तो तळाशी, बिल्जमध्ये जाऊन साठतो आणि पंपाच्या स्विचची ठिणगी पुरते. तरीही गॅस ठेवायचाच असेल तर सिलिंडर डेकवर वेगळ्या कप्प्यात ठेवावा, कप्प्याच्या तळाला थेट बाहेर उघडणारं भोक हवं आणि रेग्युलेटरशेजारी विजेच्या बटणाने गॅस बंद करणारी सोलेनॉइड झडप हवी. वरणभात, उसळ, इडली यांना कुकर आणि इंडक्शन छान पुरतात. फुलका मात्र विस्तवाशिवाय तसा होत नाही. त्याऐवजी घडीची पोळी करा.

पाणी काळजीने वापरलं तर दोघांना दिवसाला 60 ते 80 लीटर लागतं. नळाला सवयीप्रमाणे धार सोडली तर याच्या दुप्पट सहज जातं. 600 लीटरची टाकी आठ-दहा दिवस पुरते. समुद्राच्या पाण्यातून गोडं पाणी करणारा वॉटरमेकर 55 ते 60 बार दाबाने पाणी मेम्ब्रेनमधून, म्हणजे मीठ अडवणाऱ्या पडद्यातून, ढकलतो. ऊर्जा परत मिळवणारा प्रकार घेतला तर लीटरमागे सुमारे 4 वॅट-तास लागतात, साध्याला तीन-चारपट. मेम्ब्रेन क्लोरीनने कायमचं खराब होतं. म्हणून धुवायला वापरायचं गोडं पाणी आधी कार्बन फिल्टरमधून गेलंच पाहिजे. बंदरात, जिथे पाण्यावर तेलाचा तवंग असतो, तिथे यंत्र अजिबात चालवू नका. प्रत्येक वापरानंतर गोड्या पाण्याने धुवा, आणि आठवड्याहून जास्त बंद राहणार असेल तर कंपनीने सांगितलेलं जपणूक-रसायन भरून ठेवा. नाहीतर आत जिवाणू वाढतात आणि पाण्याला कुजकट वास येतो.

शौचालयाचा विषय कुणी काढत नाही, पण बोट सोडून जाणाऱ्यांच्या तक्रारींत तोच मोठा असतो. समुद्राचं पाणी आणि लघवी मिळून नळ्यांच्या आत चुन्याचा दगडासारखा थर धरतो. आठवड्यातून एकदा रात्री व्हिनेगर सोडून ठेवावं आणि मैला उलटा येऊ न देणारा रबरी जोकर व्हॉल्व्ह वर्षाला बदलावा. मैला टाकीत साठवून पंपाने काढून घेण्याची सोय कुठे आहे, हे प्रवास ठरवतानाच बघून ठेवा. तुर्कस्तानात याची नोंद ठेवणारं निळं कार्ड चालतं.

आता नांगर. साखळी किती सोडायची याचा नियम सोपा आहे: पाण्याची खोली, अधिक अजून चढणारी भरती, अधिक नाळेची (बोटीच्या पुढच्या टोकाची) पाण्यापासूनची उंची, या बेरजेच्या पाचपट, वारा वाढणार असेल तर सातपट. ग्रीस आणि तुर्कस्तानमधल्या एजियन समुद्रात भरती-ओहोटी जेमतेम असते. समजा खोली 4 मीटर, भरतीसाठी सढळ हाताने 1 मीटर, नाळ 1.5 मीटर, मग साडेबत्तीस मीटर साखळी पुरते. आता हेच आपल्या खंभातच्या आखातात करून बघा. भावनगरच्या बाजूला मोठ्या भरतीत 10 मीटरच्या वर फरक पडतो. तिथे ओहोटीला 4 मीटर पाण्यात नांगर टाकला तर 4 अधिक 10 अधिक 1.5, म्हणजे साडेपंधरा. पाचपट केल्यावर साडेसत्त्याहत्तर मीटर साखळी. पाणी उतरलं की तेवढ्या त्रिज्येत बोट भटकणार, शिवाय प्रवाह दर सहा तासांनी उलटा फिरून नांगर उपटणार. भावनगर बंदराला लॉक गेट बांधावं लागलं ते याच पाण्यापायी. बडोद्याहून समुद्र नकाशावर इतका जवळ दिसत असूनही यॉट तिथे ठेवता येत नाही, याचं कारण हेच आहे. पूर्ण सोयींच्या मरीनासाठी कोचीला, बोलघाट्टी बेटाजवळ जावं लागतं.

नांगर तळाला लागल्यावर बोट हळू मागे घ्या, साखळी ताणू द्या, मग इंजिन उलट्या गिअरमध्ये थोडं वाढवून किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून बघा. खुणा सरकल्या तर पुन्हा टाका. नंतर साखळीला नायलॉनचा स्नबर, म्हणजे झटके झेलणारा लवचिक दोर, लावा, नाहीतर सगळे झटके साखळी ओढणाऱ्या विंचवर येतात.

इंजिनाचं रोजचं काम थोडकं आहे. सुरू केल्याबरोबर मागे एक्झॉस्टमधून पाणी येतंय का ते बघायचं. येत नसेल तर लगेच बंद करा. बहुधा गाळणीत शेवाळ असतं किंवा पाणी खेचणाऱ्या पंपातल्या रबरी इम्पेलरची पाती तुटलेली असतात. तुटलेले तुकडे हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी अडकतात, ते सगळे मोजून बाहेर काढल्याशिवाय नवा इम्पेलर बसवू नका. डिझेलची टाकी भरलेली ठेवा. रिकाम्या जागेतल्या हवेतून पाणी ठिबकतं आणि पाणी-डिझेलच्या सीमेवर काळा चिकट जिवाणूंचा थर वाढतो, जो नेमका खवळलेल्या समुद्रात हलून फिल्टर बंद करतो. म्हणून आधी 10 मायक्रॉनचा फिल्टर, मग इंजिनावर 2 मायक्रॉनचा, आणि दोन्हींचे जादा नग बरोबर. बोटीचा धातू वाचवायला स्वतः गंजणारे जस्ताचे ॲनोड अर्धे झिजले की बदला.

रावपुऱ्यातलं किंवा दांडिया बाजारातलं घर बोटीसाठी विकू नका, असं आमचं स्पष्ट मत आहे. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात बोट बाहेर काढून जमिनीवर ठेवावी लागते आणि तेवढे महिने माणसाला छप्पर लागतं. युरोपात बोट ठेवली तरी शेंगेन क्षेत्रात (सामाईक व्हिसा असलेल्या युरोपीय देशांत) 180 दिवसांत 90 च दिवस राहता येतं. बोटीला मात्र युरोपीय संघाबाहेरच्या मालकाची म्हणून तात्पुरत्या प्रवेशावर 18 महिने मिळतात. माणसांची आणि बोटीची मुदत वेगवेगळी मोजा.

मेथकूट, भाजणी, सांडगे, कुरडया हवाबंद डब्यांत न्या. बोटीवर दमट हवेत कणीक महिन्याभरात खवट होते, म्हणून ती थोडी थोडी घ्या.

औषधांबद्दल एक गोष्ट डॉक्टरांना जरूर विचारा. बोट लागू नये म्हणून घेतात त्या प्रोमेथाझिनसारख्या गोळ्या काचबिंदू किंवा वाढलेली प्रोस्टेट असणाऱ्यांना त्रासदायक ठरू शकतात, लघवी अडू शकते. या वयात ही दुखणी अनेकांना असतात.

आणि दोघांपैकी प्रत्येकाला एकट्याने चार गोष्टी यायलाच हव्यात: इंजिन बंद करणं, नांगर टाकणं, आपलं ठिकाण अक्षांश-रेखांशात वाचणं आणि व्हीएचएफ रेडिओच्या 16 नंबरच्या चॅनेलवर मेडे (जीव धोक्यात असल्याची हाक) म्हणणं. बहुतेक जोडप्यांत एकच जण सुकाणू धरतो, आणि पाण्यात पडणारा बहुधा तोच असतो, कारण डेकवर फिरतो तो. भिजलेल्या कपड्यांतल्या माणसाला साठीतल्या जोडीदाराने हातांनी वर ओढणं शक्य नसतं. म्हणून मागची शिडी पाण्यातल्या माणसाला स्वतःच्या हाताने खाली ओढता येईल अशी हवी, तिच्या किमान दोन पायऱ्या पाण्याखाली जायला हव्यात, आणि शिडीने वर येणं इंजिन बंद ठेवून, शांत पाण्यात, दोघांनी आळीपाळीने उतरून करून बघा.